रस्ता, गडर आणि खाली भूखंड : महापालिकेकडे तक्रार कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण नागपुरातील एका जुन्या ले-आउटमध्ये राहणाऱ्या एका ताईंच्या घरासमोर सिमेंटचा रस्ता झाला आणि तेव्हापासून मोठा पाऊस आला की पाणी फाटकातून आत शिरते; त्याच सुमारास कोपऱ्यावरचे गडरचे (सांडपाण्याच्या लाइनचे) चेंबर उफाळून येते; आणि शेजारच्या खाली (रिकाम्या) भूखंडावर साचलेल्या पाण्यात डास व कचरा दोन्ही वाढतात. त्यांनी महापालिकेच्या ॲपवर अनेकदा तक्रार केली, प्रत्येक वेळी ‘निराकरण झाले’ असा संदेश आला आणि काम झाले नाही. शेवटी वस्तीतील लोकांच्या सह्या घेऊन तीन पानी निवेदनही दिले, त्याचेही उत्तर नाही. आता कोणाकडे जावे, असे त्या विचारतात.

ताई, मी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अभियांत्रिकी विभागात, बराचसा काळ झोन पातळीवर, काम केलेले आहे. म्हणजे आपण लिहिता त्या प्रकारचे अर्ज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने वाचलेले आहेत. तेथून दिसणारी गोष्ट ही, की आपला अर्ज नस्तीचे (फाइलचे) पहिले पान होणार असतो. त्या पानावर पुढच्या माणसाला काही लिहिता आले तर नस्ती पुढे सरकते, नाही तर तेथेच थांबते. आपल्या निवेदनात त्रास पुरेपूर लिहिलेला आहे, परंतु त्यावर कनिष्ठ अभियंत्याने नेमके काय करावे हे त्यातून निघत नाही.

प्रथम त्या तीन पानी निवेदनाचे काय झाले असेल ते पाहू. झोन कार्यालयाच्या आवक खिडकीवर लिपिकाने शिक्का मारून त्याला क्रमांक दिला. संध्याकाळच्या टपालात ते सहायक आयुक्तांसमोर गेले. त्यांनी पहिला परिच्छेद वाचला, त्यात रस्त्याचा विषय दिसला, म्हणून समासात ‘उपअभियंता, आवश्यक कार्यवाही करावी’ असा शेरा लिहून ते बांधकामाकडे मार्क केले. उपअभियंत्याने ते कनिष्ठ अभियंत्याकडे पाठवले. कनिष्ठ अभियंत्याने वाचताना पाहिले की यात गडर आहे, डास आहेत, भूखंडमालक आहे, आणि पथदिव्यांचाही एक उल्लेख आहे. त्याच्या अखत्यारीतील भाग चौथा हिस्सासुद्धा नाही. त्याने ‘विषय अन्य विभागांशी संबंधित’ असे लिहून ते परत केले असेल किंवा कपाटात ठेवले असेल. कागद एकच असल्यामुळे तो एकाच विभागात गेला आणि बाकीच्या विभागांना आपली तक्रार कळलीच नाही. यात कोणाची लबाडी असलीच पाहिजे असे नाही. म्हणून पहिला नियम असा, की एका अर्जात एकच विषय असावा आणि तो विषय ज्याच्या कामात येतो त्याच्याच पदनामाने अर्ज लिहावा. सह्यांचा कागद जोडण्यास हरकत नाही, पण पन्नास सह्यांपेक्षा एक नेमका नकाशा अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

त्याआधी रस्ता कोणाचा हे ठरवावे लागते, आणि नागपुरात हा भाग इतर शहरांपेक्षा किचकट आहे. महापालिकेचे लक्ष्मीनगर, धरमपेठपासून आसीनगर, मंगळवारीपर्यंत दहा झोन आहेत. त्याशिवाय १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेले नागपूर सुधार प्रन्यास आहे, ज्याला आपण सगळे नासुप्र म्हणतो. दक्षिण आणि पूर्व नागपुरातील पुष्कळ ले-आउट मुळात विनापरवाना पडले आणि नंतर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित होऊ लागले. विकास शुल्क नासुप्रकडे भरले गेले, घरटॅक्स मात्र महापालिका घेते. २०१९ मध्ये नासुप्र बरखास्त करण्याचा निर्णय झाला आणि पुढे तो फिरला, त्यामुळे आधीच असलेल्या गोंधळात भर पडली. आपला ले-आउट महापालिकेकडे हस्तांतरित झालेला आहे किंवा नाही, हे वस्तीतल्या कोणाच्या सांगण्यावरून मानू नये. दोन्ही कार्यालयांना एका ओळीचे पत्र देऊन लेखी विचारावे. त्या एका ओळीच्या उत्तराने पुढची टोलवाटोलवी बरीच थांबते, कारण एकदा ‘हस्तांतरित’ असे लेखी दिल्यावर तो अधिकारी पुन्हा नासुप्रचे बोट दाखवू शकत नाही. मोठ्या रस्त्यांच्या बाबतीत सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण हेही वाटेकरी असतात. आपले नातेवाईक बेसा-पिपळा भागात राहत असतील तर त्यांना हे सगळे लागू नाही. तेथे नगर पंचायत आहे आणि बांधकाम परवानगीचा विषय महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जातो.

आता आपल्या तीन विषयांकडे येतो. रस्त्याचा विषय सर्वांत अवघड आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

आपल्या शहरात सिमेंट रस्ते झाले त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी जुना डांबरी थर पुरेसा न खोदता त्यावरच पाया व काँक्रीट टाकले गेले. थर आणि पाया मिळून रस्ता सहज वीतभर किंवा त्याहून अधिक उंच होतो; घराचा ओटा मात्र तीस वर्षांपूर्वीच्या रस्त्याच्या हिशेबाने बांधलेला असतो. रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे उतार दिलेला असतो, तो योग्यच असतो, पण कडेला पाणी घेणारी नाली किंवा जाळीचा खड्डा नसेल तर ते पाणी कुंपणाच्या भिंतीशी येऊन थांबते. त्यातच रस्त्याची कड आणि कुंपण यांच्यामधल्या पट्टीत गट्टू (सिमेंटचे पेव्हर) बसवताना उतार घराच्या दिशेने राहिला, तर पाणी आत येणारच. अशा वेळी लोक अर्जात ‘रस्ता फोडून खाली घ्यावा’ अशी मागणी करतात. ती मान्य होणे जवळजवळ अशक्य आहे, कारण देयक दिलेला नवा रस्ता फोडण्याचा प्रस्ताव कोणताही अभियंता स्वतःच्या सहीने पाठवणार नाही, आणि त्या एका अशक्य मागणीमुळे अर्जातील शक्य असलेल्या गोष्टीही बाजूला पडतात.

त्याऐवजी असे करावे. वस्तीतील एखाद्या गवंड्याला त्याची पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन बोलवावे. रस्त्याची कड, फाटकाचा उंबरा आणि ओटा या तिन्हींची उंची एकमेकांच्या तुलनेत मोजावी. हेच आजूबाजूच्या चार-पाच घरांसमोरही करावे. प्रत्येक घराच्या नावापुढे ‘रस्त्याची कड ओट्यापेक्षा इतके सेंटिमीटर वर’ असा आकडा लिहावा, शेजारी घरटॅक्सच्या देयकावरचा इंडेक्स क्रमांक द्यावा आणि जवळच्या विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक लिहावा. पाऊस सुरू असताना पाणी कोणत्या बाजूने येते आणि कोठे थांबते, याची दोन छायाचित्रे पुरे. त्यांपैकी एकात टेप पाण्यात उभी धरलेली असावी. मग अर्जात मागणी अशी लिहावी : सदर रस्त्याच्या दोन्ही कडांचे लेव्हल घेऊन पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची तपासणी व्हावी, मंजूर अंदाजपत्रकात (कामाच्या एस्टिमेटमध्ये) पावसाळी नालीचा समावेश होता का हे कळवावे, आणि अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत नाली, जाळीचे खड्डे व गट्टूंच्या उताराची दुरुस्ती प्रस्तावित करावी. हा अर्ज हाती आला की कनिष्ठ अभियंत्याला स्थळपाहणीची टिप्पणी लिहिण्यासाठी निम्मी माहिती तयार मिळते, आणि हाताशी चाळीस अर्ज असलेला माणूस ज्यात काम कमी आहे तो अर्ज आधी उचलतो. हे आदर्श नाही, पण कार्यालय असेच चालते.

याच अर्जात आणखी एक मुद्दा घालावा. रस्त्याच्या प्रत्येक कंत्राटात दोष दायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत गट्टू खचले, उतार चुकलेला निघाला किंवा सांधे उखडले तर ते कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असते. मुदत संपण्यापूर्वी लेखी तक्रार नोंदवली गेली असेल तरच या अटीचा उपयोग. त्यामुळे काम कोणत्या कार्यादेशाने (वर्क ऑर्डरने) झाले आणि दायित्वाची मुदत कधी संपते, हे आधी विचारून घ्यावे.

गडरचा विषय त्या मानाने सोपा आहे आणि त्याचे निराकरण लवकर होऊ शकते. सिमेंट रस्ता झाल्यानंतर चेंबर उफाळू लागले असेल तर पहिला संशय हा, की मधले एखादे चेंबर काँक्रीटखाली गाडले गेले आहे. झाकण उघडता येत नसेल तर दाबाने पाणी मारून लाइन साफ करणारी जेटिंगची गाडी येऊन कोपऱ्यावरच्या चेंबरमधून जितके पोहोचेल तितकेच साफ करते, पाणी चार दिवस उतरते आणि पुन्हा चढते. तिकडे ॲपवर मात्र तक्रार निकाली निघते, कारण गाडी खरोखर येऊन गेलेली असते. म्हणून ‘चेंबर साफ करा’ असे न लिहिता ‘अमुक दोन चेंबरांमधील गाडले गेलेले चेंबर शोधून त्याचे झाकण रस्त्याच्या पातळीला आणावे’ असे लिहावे. जुने चेंबर कोठे होते हे वस्तीतील वडीलधाऱ्यांना पक्के ठाऊक असते. त्यांच्याकडून जागा विचारून खडूने खूण करून ठेवावी. चेंबर आपल्या घरजोडणीचे असेल तर मात्र ती जबाबदारी घरमालकाची आहे, हे आधी तपासावे.

येथे थोडे कटू लिहितो. आपल्या गल्लीतील किती घरांनी गच्चीच्या पावसाळी पाण्याचा पाइप गडर लाइनला जोडलेला आहे, हे एकदा बघावे. ती लाइन घरातील सांडपाण्याच्या हिशेबाने टाकलेली असते. वीस गच्च्यांचे पाणी एका तासात तिच्यात आले तर ती उफाळणारच. स्थळपाहणीला आलेला अभियंता हे सर्वांत आधी पाहतो आणि मग आपल्या तक्रारीतील जोर निम्मा होतो. तसेच घाई म्हणून खासगी माणसाला पैसे देऊन चेंबरमध्ये उतरवू नये. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने तसे करायला लावणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि चेंबरमधील वायूने माणूस क्षणात जातो.

खाली भूखंडासाठी अर्ज झोनच्या स्वास्थ्य विभागाकडे द्यावा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते की मालक सापडत नाही. परंतु खाली भूखंडालाही मालमत्ता कर लागतो, आणि ज्या कर विभागाच्या नोंदवहीत मालकाचे नाव-पत्ता असतो, तो बहुधा त्याच झोन कार्यालयात, चार टेबलांपलीकडे बसतो. ले-आउटच्या नकाशावरून भूखंड क्रमांक व खसरा क्रमांक (जमिनीचा महसुली क्रमांक) काढून अर्जात दिला, आणि ‘कर विभागाच्या नोंदीवरून मालकास नोटीस बजावावी’ असे स्पष्ट लिहिले, तर ही सबब उरत नाही. डासअळ्यांचा भाग मलेरिया-फायलेरिया विभागाचा आहे, त्याची प्रत त्यांना द्यावी. बाहेरची माणसे रात्री कचरा टाकून जात असतील तर तो विषय महापालिकेच्या उपद्रव शोध पथकाचा. या पथकात माजी सैनिक आहेत आणि वेळ, जागा व शक्य तर गाडीचा क्रमांक कळवल्यास ते जागेवर दंड करतात. रोजच्या झाडझुडीची अडचण असेल तर मात्र अर्ज लिहीत बसू नये. सकाळी हजेरीच्या वेळी सफाईच्या जमादाराला भेटावे. त्या भागाला किती ऐवजदार (बदली सफाई कामगार) नेमलेले आहेत आणि किती कामावर येतात, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते.

आपण ॲपवर नाराज आहात, ते समजण्यासारखे आहे. तरीही ॲप टाकून देऊ नये. कचरा न उचलणे, मेलेले जनावर, बंद पथदिवा, एखादे झाकण तुटणे, अशा एका दिवसात संपणाऱ्या कामांना महापालिकेचे ॲप किंवा केंद्राचे स्वच्छता ॲप उत्तम आहे. अडचण येते ती अंदाजपत्रक लागणाऱ्या कामांत. ॲपमध्ये प्रत्येक तक्रारीला दिवसांची मर्यादा असते आणि मर्यादेबाहेरची तक्रार वरच्या आढाव्यात लाल दिसते. नाली बांधायला मात्र अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निधी, निविदा आणि कार्यादेश एवढे टप्पे लागतात. म्हणून कनिष्ठ अभियंता ‘काम प्रस्तावित’ असा शेरा टाकून ती बंद करतो. अशा वेळी तीच तक्रार पुन्हा पुन्हा टाकल्याने काही साधत नाही; त्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट काढून लेखी अर्जाला जोडावा आणि ‘आपण प्रस्तावित केलेल्या कामाचा प्रस्ताव क्रमांक कळवावा’ असे विचारावे. आणि रस्त्यावरचे झाकण उघडे असेल तर ॲप व अर्ज दोन्ही बाजूला ठेवून झोनला फोन करावा, तोवर त्यात झाडाची फांदी किंवा लाल कापड बांधलेली काठी उभी करून ठेवावी.

काही तक्रारी महापालिकेच्या नसतातच. रात्री दहानंतरचा लाउडस्पीकर हा पोलिसांचा विषय आहे, ११२ वर फोन करावा. नळाला गढूळ पाणी आले तर शहराचा पाणीपुरवठा सांभाळणाऱ्या ऑरेंज सिटी वॉटर कंपनीकडे नोंद करून नमुना घेण्यास सांगावे. खांबावर दिवा बंद असेल तर महापालिकेचा विद्युत विभाग, खांब वाकला किंवा तार लोंबत असेल तर महावितरण. मोकाट कुत्र्यांबद्दल ‘दूर नेऊन सोडा’ अशी मागणी करू नये, कारण २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी व लसीकरण करून त्यांना त्याच भागात सोडायचे असते. नसबंदीची मागणी केली तर अर्जाला अर्थ राहतो. आणि पुराचे नुकसान व नालीची दुरुस्ती हे दोन वेगळे रस्ते आहेत. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा कित्येकांनी एकाच अर्जात नुकसानभरपाई आणि संरक्षक भिंत दोन्ही मागितले. मदतीचे पंचनामे महसूल यंत्रणेच्या वाटेने जातात आणि बांधकाम वेगळ्या वाटेने, त्यामुळे असा अर्ज दोन्हीकडे अडकतो.

पाठपुराव्याचे म्हणाल तर अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व शिक्का असलेली पोच घ्यावी आणि ती जपावी. पंधरा दिवसांनी एक ओळीचे स्मरणपत्र, त्यात मूळ आवक क्रमांक. भेटायला जाल तेव्हा ‘माझ्या कामाचे काय झाले’ असे न विचारता ‘अमुक क्रमांकाची नस्ती सध्या कोणाच्या टेबलावर आहे’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला आश्वासन मिळते, दुसऱ्याला नाव मिळते.

तरीही हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार वापरावा, पण जपून. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. न मिळाल्यास २० रुपये शुल्क लावून प्रथम अपील करता येते आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाचे नागपूर खंडपीठ आहे. ‘नाली का बांधली नाही’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण कायदा अभिलेख देतो, कारणे देत नाही. मागावे ते कागद : रस्त्याच्या मंजूर अंदाजपत्रकाची प्रत, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मापे ज्यात लिहितात ती) संबंधित पाने, आणि आपल्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत. अंदाजपत्रकात नाली आहे आणि मोजमाप पुस्तिकेत नाही, असे निघाले तर पुढे फार काही लिहावे लागत नाही. पुष्कळदा झेरॉक्स मागण्यापेक्षा दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत अभिलेख पाहायला जाणे सोपे पडते.

लोकशाही दिन हा आणखी एक मार्ग आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्त स्तरावर तो होतो, अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. म्हणून तेथे वस्तीचे सामूहिक निवेदन नेऊ नये, आपल्या घरात शिरणाऱ्या पाण्याचा अर्ज न्यावा. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा मात्र आपल्याला येथे उपयोगी नाही. तो दाखले, परवानग्या अशा अधिसूचित सेवांसाठी आहे, नालीसाठी नाही.

नगरसेवकाकडे जावे का, असेही आपण विचारता. जावे. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर शहराने प्रशासकांचा दीर्घ काळ पाहिला आणि गल्लीतील छोट्या कामांसाठी आग्रह धरणारा माणूस नसला की काय होते ते सर्वांना कळले. पण जाताना तोंडी गाऱ्हाणे न नेता पोच असलेला अर्ज व लेव्हलचा कागद न्यावा, आणि वेळ साधावी. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. पावसाळ्यात पुरावा गोळा करून दिवाळीच्या सुमारास अंदाजपत्रक तयार करवून घेतले, तर ते काम येत्या अर्थसंकल्पात धरले जाण्याची शक्यता असते. मार्चमध्ये केलेली तीच मागणी बहुधा एक वर्ष मागे पडते.

आपल्या बाबतीत मी गडरच्या चेंबरचा अर्ज या आठवड्यात, भूखंडाचा त्याच्याबरोबरच आणि रस्त्याचा अर्ज लेव्हल घेतल्यानंतर द्यावा असे सुचवीन. अर्जावर स्वतःचे नाव व सही असू द्यावी. भूखंडमालकाशी वाकडे येईल या भीतीने निनावी पत्र पाठवल्यास ते दप्तरी दाखल होते, म्हणजे कार्यवाही न होता कपाटात जाते. स्थळपाहणीची तारीख कळली की त्या वेळी घरी कोणीतरी थांबावे, खडूची खूण आणि उंचीचे आकडे जागेवर दाखवावेत, आणि पाहणीच्या टिप्पणीत ते आकडे लिहिले गेले आहेत का हे पाहूनच तिच्यावर सही करावी.